नेट होलकमचा खांदा

क्लाइड टार्व्हरला आपण विकले गेलो हे वर्तमानपत्रातून कळता कामा नये, एवढं बर्नी कुबियाकनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून डिसेंबरातल्या त्या सकाळी, रात्रभर पडलेलं बर्फ फावड्यानं बाजूला करून त्यानं गाडी बाहेर काढली आणि स्वतः क्लाइडच्या घरी गेला.

बर्नी हा बफेलो मिलर्स या बेसबॉल संघाचा कारभारी. कुणाला घ्यायचं, कुणाला द्यायचं, कुणाला किती पगार, हे सगळं त्याच्याकडे. मैदानावर कुणाला उतरवायचं ते प्रशिक्षक सॅल टेडेस्को बघायचा. कारभारी होण्याआधी वीस वर्षं बर्नी गावोगाव हिंडून चांगली पोरं हेरायचं काम करत होता. क्लाइडला त्यानंच हेरलं होतं, जॉर्जियातल्या एका खेड्यात. क्लाइड तेव्हा अठराचा. त्याच्या आईनं बर्नीला तळलेली कोंबडी आणि बिस्किटं खाऊ घातली आणि निघताना त्याचा हात धरून म्हणाली, "पोरगा तुमच्या ओटीत घालते आहे." त्याला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत क्लाइड सगळ्या लीगमधला नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला आणि मिलर्स मात्र तळाला गेले ते गेलेच. क्लाइड ज्या दिवशी चेंडू टाकायचा त्या दिवशी मैदान अर्धं भरायचं. एरवी खुर्च्यांवर कबुतरं.

क्लाइडनं दार उघडलं तेव्हा त्याच्या खांद्यावर धाकटी मुलगी होती.

"म्हातारबा," तो हसून म्हणाला, "एवढ्या बर्फात? आत या. कॉफी टाकतो."

"क्लाइड, आधी ऐकून घे. मग कॉफी द्यायची की नाही ते ठरव."

क्लाइडनं मुलीला खाली ठेवलं. बर्नीनं जे होतं ते उभ्या उभ्याच सांगितलं. डेन्व्हरच्या संघाशी सौदा झाला होता. क्लाइडच्या बदल्यात तीन तरुण पिचर. त्या काळी खेळाडूला विचारायची पद्धत नव्हती. संघ पाठवेल तिकडे बॅग उचलून जायचं.

"तिघं," क्लाइड म्हणाला. "नावं काय त्यांची?"

"होलकम, अल्काला आणि लिंडक्विस्ट."

"ऐकली नाहीत कधी."

"अजून कुणीच ऐकलेली नाहीत."

"म्हणजे मी जत्रेतला बैल. द्यायचा आणि तीन गोऱ्हे घेऊन यायचे."

"तू इथे असलास तर आपण तळालाच राहणार, फक्त दिमाखात. तिथे तुला फायनल खेळायला मिळेल. आणि मला इथे घर मुळापासून बांधायचं आहे."

क्लाइडनं मुलीला आत पाठवलं. मग त्यानं दार उघडून धरलं. "बायकोला अजून सांगायचं आहे. तुम्ही निघा, मिस्टर कुबियाक."

अकरा वर्षांत त्यानं बर्नीला मिस्टर कुबियाक कधी म्हटलं नव्हतं. बर्नी गाडीत जाऊन बसला, पण किल्ली फिरवायला त्याला जरा वेळ लागला.

गावानं त्याला सोडलं नाही. बर्नी तिथलाच, पूर्वेकडच्या पोलिश वस्तीतला, त्यामुळे शिव्या द्यायला परका माणूस शोधावा लागला नाही. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेली मासळी खायला तो आणि बायको आयरीन गेले, तर त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. ज्या न्हाव्याकडे तो लहानपणापासून जात होता, त्यानं कात्री चालवता चालवता विचारलं, "कान पण काढू का? एकाच्या बदल्यात तीन देतो." दुकानातले सगळे हसले. बर्नीही हसला, कारण वस्तरा न्हाव्याच्या हातात होता.

संघाच्या मालकीणबाई मात्र त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हॅरिएट लॉकवूड सत्तरीच्या, पिठाच्या गिरण्यांच्या घराण्यातल्या. नवरा गेल्यावर संघ त्यांच्याकडे आला होता. त्या सामन्याला यायच्या, मांडीवर विणकाम घ्यायच्या आणि पंचांना असल्या शिव्या घालायच्या की शेजारचे लोक चकित होऊन बघत राहायचे.

"माझ्या नवऱ्यानं हा संघ घेतला तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते," त्या बर्नीला म्हणाल्या. "तो गेला आणि लोढणं माझ्या गळ्यात आलं. आता आलंच आहे, तर मरायच्या आधी एकदा सप्टेंबरमध्ये हे मैदान भरलेलं दाखव. वाटेत कुणाला विकायचं ते विक."

वसंतात तिघं पोरं आली. लिंडक्विस्ट हा उंच, सोनेरी केसांचा, दिसायला सगळ्यांत देखणा. पण दोन महिन्यांतच त्याची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं आहे. तो उन्हाळा संपायच्या आत घरी गेला आणि परत आला नाही. गावाला आणखी एक विषय मिळाला.

रुबेन अल्काला पोर्तो रिकोचा. कायम बडबड्या, कायम थंडीनं कुडकुडणारा. एप्रिलमध्ये बफेलोत बर्फ पडलेलं बघून त्यानं सॅलला विचारलं, "इथे खेळायचं की शिकार करायची?"

आणि नेट होलकम. नेब्रास्कातल्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. एकोणीस वर्षांचा, लांब हाताचा, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याचा चेंडू मात्र असा यायचा की फलंदाज आधी बॅट फिरवायचा की डोळे मिटायचा, तेच कळायचं नाही. अडचण एवढीच, की तो कुठे जाईल ते नेटलाही ठाऊक नसायचं. पहिल्याच महिन्यात त्यानं एक फलंदाज, एक पंच आणि कुंपणापाशी बसलेला एक शेंगदाणेवाला जखमी केला.

"मला दोघं दिलीस," सॅल म्हणाला, "एकाचं तोंड बंद होत नाही आणि दुसऱ्याचा चेंडू सरळ जात नाही. माझ्या रक्तदाबाची गोळी संघाच्या खर्चात धर."

"थांब जरा."

"मी थांबतो रे. पण हरण्याला पण काही मर्यादा असते."

त्या वर्षी मिलर्स पुन्हा तळाला. तिकडे डेन्व्हर फायनल जिंकलं, आणि शेवटचा सामना क्लाइडनं जिंकून दिला. बर्नीनं तो घरी टीव्हीवर बघितला. क्लाइडला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं तेव्हा आयरीन म्हणाली, "छान झालं त्याचं." बर्नीनं टीव्ही बंद केला. त्याला खरोखरच आनंद झाला होता, पण तो दाखवायला जागा नव्हती.

नेटला गावात कुणी नव्हतं, म्हणून आयरीननं त्याला दर रविवारी जेवायला बोलवायला सुरुवात केली. तो यायचा, बटाटा भरलेली, करंजीसारखी पोलिश पियेरोगी पुरे म्हणून सांगावं लागेपर्यंत खायचा, ताट स्वतः धुवायचा आणि मग बर्नीबरोबर परसात काम करायचा. शेतावर वाढलेलं पोर. हात रिकामे ठेवून बसणं त्याला जमायचं नाही. बर्नी जुना कॅचर, गुडघे गेलेले, तरी परसात एका फळकुटावर बसून तो नेटचे चेंडू झेलायचा. वेग कमी कर, श्वास सोडताना चेंडू सोड, एवढंच सांगायचा. दुसऱ्या वर्षी चेंडू सरळ जायला लागला. रुबेनलाही सूर सापडला. मिलर्स तळातून मधे आले. न्हाव्यानं एक दिवस आपण होऊन विचारलं, "तो नेब्रास्काचा पोरगा पुढच्या शनिवारी टाकतोय ना?"

तिसऱ्या वर्षी जून उजाडला तेव्हा मिलर्स पहिल्या दोन संघांत होते. मैदान भरू लागलं होतं. संघाला कमी होती ती एकाच गोष्टीची: चेंडू कुंपणाबाहेर घालवणारा एखादा दणकट फलंदाज. पिचर जीव तोडून धावा रोखायचे आणि आपले फलंदाज एकेका धावेसाठी कुंथायचे. अदलाबदलीची मुदत पंधरा जूनला संपायची. त्यानंतर मोसम संपेपर्यंत कुणाला काही करता येत नसे.

मुदतीच्या आदल्या आठवड्यात टॉम गॅरिटीचा फोन आला. गॅरिटी डेन्व्हरचा कारभारी. तो आणि बर्नी तरुणपणी एकाच गाडीतून पोरं हेरत फिरले होते, स्वस्त मोटेलमध्ये एका खोलीत झोपले होते. क्लाइड घेऊन ती तीन पोरं देणाराही तोच.

"होलकम मला परत दे," गॅरिटी म्हणाला. "देताना माझा जीव तुटला होता, तो अजून जोडला गेलेला नाही."

"आणि मला काय?"

"लूथर बेल."

बर्नी खुर्चीत सरळ बसला. लूथर बेल म्हणजे त्या लीगमधला सर्वांत जबर फलंदाज. तो आला तर पहिला नंबर नक्की. नेट गेला तरी रुबेन होता, शिवाय खालच्या संघातून आणखी दोन चांगली पोरं वर येत होती. नेटची सवय झाली होती ही गोष्ट खरी, पण सवयीवर संघ चालवता येत नाही, हे बर्नीनं क्लाइडच्या वेळीच स्वतःला शिकवलं होतं.

सॅल म्हणाला, "विचारतोस काय? दे." मिसेस लॉकवूड म्हणाल्या, "बेल? तो बेल? बर्नी, फोन खाली कशाला ठेवलास?" ठरलं. सोमवारी, मुदतीच्या दिवशी, दोघांनी कागद करायचे.

आदल्या दिवशी रविवार. नेट नेहमीसारखा जेवायला आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि बर्नीला ते ताट समोर असताना सांगवेना. जेवण झाल्यावर दोघं परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या ठोकायला गेले. बर्नी काठी धरत होता, नेट हातोडा मारत होता. चार काठ्या झाल्यावर बर्नीच्या लक्षात आलं की घाव वेडेवाकडे बसतायत.

"तू डावखुरा कधीपासून झालास?"

नेटनं हातोडा खाली केला.

"नेट."

"मे महिन्यापासून," नेट म्हणाला. "उजवा वर जात नाही नीट. सकाळी केस विंचरता येत नाहीत. चेंडू टाकताना आधी दुखतो, मग तिसऱ्या डावानंतर बोटं बधिर होतात. बधिर झाली की बरं वाटतं, खरं तर."

"आणि तू टाकत राहिलास."

"जिंकत होतो ना आपण."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. आमचे वडील म्हणतात, जो कुरकुर करतो त्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावत नाहीत." तो हातोड्याकडे बघत म्हणाला, "मिस्टर कुबियाक, सॅलना सांगू नका. मोसम संपेपर्यंत ओढतो मी. ऑक्टोबरात बघू."

बर्नीनं त्याच्या हातातून हातोडा घेतला. "तू आता चेंडूला हात लावायचा नाहीस. मंगळवारी डॉक्टरकडे जायचं, मी येतो बरोबर. सॅलला सांगावंच लागेल, नाहीतर तो शनिवारी तुला उतरवेल."

नेटनं मान हलवली. मग त्यानं जे केलं त्याची बर्नीला कल्पना नव्हती. तो खाली मातीत बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला; आवाज न करता, मोठ्या माणसासारखा. आयरीन खिडकीत उभी होती. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळानं तिनं नुसतं लिंबाचं सरबत आणून पायरीवर ठेवलं आणि आत गेली.

संध्याकाळी बर्नी सॅलच्या घरी गेला. सॅल ओसरीत बनियनवर बसून चेरी खात होता. ऐकून घेतल्यावर त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला: "कुणाकुणाला माहीत आहे?"

"तो, मी, आयरीन. आता तू."

"मग उद्या सह्या होईपर्यंत चौघांतच राहू दे."

"सॅल."

"सॅल काय? गॅरिटी काय देवमाणूस आहे? लिंडक्विस्टची पाठ काय आपल्या अंगणात मोडली? जुनं दुखणं आहे म्हणाले डॉक्टर. त्यानं तुला सडका आंबा गळ्यात मारला, आणि तू गप्प बसलास. आता फिटंफाट कर की."

"त्याला माहीत होतं याचा पुरावा नाही."

"तुला माहीत होतं याचाही राहणार नाही. पोरानं कुणाला सांगितलं नाही, तूच म्हणालास." सॅलनं बी थुंकली. "बर्नी, तीन वर्षं मी तुझ्यासाठी मार खाल्ला. गावानं मला रस्त्यात अडवून विचारलं, क्लाइड कुठे आहे म्हणून. आता बेल दारात उभा आहे. आणि तू दार लावणार?"

सॅल बोलत होता त्यात काही खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो गाडी घेऊन तळ्याकाठी गेला आणि धक्क्यावर थोडा चालला. विचार गॅरिटीचा कमी आणि पोराचाच जास्त येत होता. नेट डेन्व्हरला जाईल. जसं इथे लपवलं तसं तिथेही लपवेल, कारण आता तर तो लूथर बेलच्या बदल्यात आलेला असेल. पहिल्याच आठवड्यात खांदा दुखतो म्हणून सांगायची त्याची छाती होणार नाही. टाकत राहील, बोटं बधिर होईपर्यंत आणि त्यानंतरही. खांदा एक दिवस पूर्ण जाईल, आणि मग डेन्व्हरचे लोक म्हणतील, पोरगं आधीच मोडकं होतं, आम्हाला फसवलं. ते बोलणं बर्नीला लागणार नाही, तो इथे बेलचे फटके बघत असेल. ते लागेल नेटला.

आणि गॅरिटीला खरं सांगावं, तर ती गोष्ट आपली नाही, नेटची. दुपारपर्यंत सगळ्या लीगभर होईल.

दुपारी त्यानं डेन्व्हरला फोन लावला. "टॉम, होलकम विकायचा नाही."

पलीकडे गॅरिटी हसला. "कळलं. बेलबरोबर आणखी कोण हवंय?"

"कुणी नको. विकायचाच नाही."

"बरं, तो शॉर्टस्टॉप घे. हिवाळ्यात तू विचारत होतास ना त्याच्याबद्दल."

बर्नीनं डोळे मिटले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा तो चपळ शॉर्टस्टॉप त्याला खरोखरच हवा होता. "नको, टॉम."

"बेल, शॉर्टस्टॉप आणि वर रोख. बर्नी, एवढं तर मी क्लाइडसाठीही दिलं नव्हतं."

"तू जितकं वाढवशील तितका मला त्रास होतोय. फोन ठेव."

"तुला वेड लागलंय," गॅरिटी म्हणाला. "किंवा म्हातारपण." आणि त्यानं फोन आपटला. रात्री मुदत संपली.

मंगळवारच्या पेपरात पहिल्या पानावर मथळा होता: कुबियाक झोपले होते का? मंगळवारीच डॉक्टरांनी नेटचा खांदा बघितला आणि ऑपरेशन सांगितलं. पुन्हा चेंडू टाकू शकेल का, यावर त्यांनी खांदे उडवले. बुधवारी संघानं ते जाहीर केलं, आणि तासाभरात डेन्व्हरहून फोन आला.

"तुला सोमवारी माहीत होतं," गॅरिटी म्हणाला.

"रविवारी."



"तू तो मला विकू शकला असतास."

"हो."

"मी असतो तर विकला असता," गॅरिटी म्हणाला. मग थोडं थांबून, "एकदा विकलाही आहे."

"माहीत आहे."

"लिंडक्विस्टची पाठ..."

"माहीत आहे, टॉम. मुलंबाळं कशी आहेत?"

गॅरिटीनं मुलाबाळांचं सांगितलं.

मिसेस लॉकवूड यांनी त्याला गिरणीतल्या ऑफिसात बोलावलं. विणकाम बाजूला ठेवलेलं होतं, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"सॅलनं मला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "बेल, आणि वर शॉर्टस्टॉप. एका निकामी खांद्याच्या बदल्यात."

"हो."

"माझ्या नवऱ्यानं सौदा केला असता. मी पण केला असता, आणि रात्री शांत झोपले असते. माझी झोप मुळातच चांगली आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुला काढून टाकावं असं फार मनात आहे. पण मग नवीन माणूस येणार, तो पुन्हा मुळापासून बांधायला लागणार, आणि मला तेवढा वेळ नाही. जा. पण त्या पोराच्या ऑपरेशनला सगळ्यांत चांगला डॉक्टर बघ, हे सांगायची वेळ माझ्यावर आणू नकोस."

सॅल महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलला. बेल नाही, नेटही नाही. रुबेननं तो उन्हाळा जवळजवळ एकट्यानं अंगावर घेतला. दर चौथ्या दिवशी टाकायचा, कधी तिसऱ्याच दिवशी चेंडू मागायचा. बर्नी सॅलला नाही म्हणायचा, आणि सॅलही कटकट न करता ऐकायचा. एका खांद्यानं दोघांनाही शहाणं केलं होतं. सप्टेंबरात मैदान भरलं. मिसेस लॉकवूड यांनी विणकाम घरी ठेवून सामने बघितले. शेवटच्या आठवड्यात मिलर्सनी ओळीनं चार सामने गमावले, एकेका धावेनं, आणि दुसरे आले. लूथर बेलसारखा एक फटका कुठेतरी पडला असता तर पहिले आले असते, हे गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. बेलचा सौदा का झाला नाही ते मात्र एव्हाना पेपरात आलं होतं, आणि न्हाव्यानं त्या हिवाळ्यात बर्नीचे केस मुकाट्यानं कापले.

ऑपरेशननंतर नेटनं हिवाळाभर खांद्याला व्यायाम दिला. पुढच्या वसंतात फ्लॉरिडातल्या सरावाला तो आला. बर्नी कुंपणाला टेकून बघत होता. नेटनं वीसेक चेंडू टाकले. हालचाल तीच, लांब आणि सहज, पण चेंडू येत होता तो एखाद्या शाळेतल्या पोरानं टाकावा तसा.

"दुखतोय?" बर्नीनं जवळ जाऊन विचारलं.

"नाही. दुखत नाही आता." नेटनं खांदा गोल फिरवून दाखवला. "पण जातही नाही."

बर्नीनं त्याला पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला. हळू चेंडूवर जगणारे पिचर असतात, वर्ष-दोन वर्षं खालच्या संघात काढ, शिकशील. नाहीतर पोरांना शिकवायला ये, मी जागा करतो. नेटनं सगळं ऐकून घेतलं. रात्रीच्या जेवणाला आयरीनही होती. तिच्यासमोरच तो म्हणाला, "मिस्टर कुबियाक, तुम्ही मला ठेवून घेताय, कारण तुम्हाला वाईट वाटतंय."

"तसं नाही."

"थोडं तसं आहे," आयरीन म्हणाली.

"तुम्ही मला त्या सोमवारी विकलं नाहीत, ते मी पेपरात वाचलं," नेट म्हणाला. "घरी कात्रण आहे, आईनं फ्रिजवर लावलंय. तेवढं पुरे झालं मला. वडिलांना माणूस हवाय. मी घरी जातो."

बर्नीला वाटलं, आपण याला वाचवलं म्हणजे हा आपल्याजवळ राहील, असा आपला हिशोब होता की काय. तो उठून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा नेट ताट धूत होता. दुसऱ्या दिवशी बर्नीनं त्याला बसस्टँडवर सोडलं. जाताना नेटनं उजवा हात पुढे केला. बर्नीनं तो जपून धरला, तर नेट हसला. "दाबा की. दुखत नाही म्हटलं ना."

त्या वर्षी मिलर्स पहिले आले. रुबेन, खालच्या संघातून वर आलेली दोन पोरं, आणि हिवाळ्यात गॅरिटीकडून घेतलेला तो शॉर्टस्टॉप. तो देताना गॅरिटीनं फार घासाघीस केली नव्हती. शेवटचा सामना संपला तेव्हा लोक कुंपणावरून मैदानात उतरले आणि खेळाडूंच्या खोलीत बिअर अशी उडत होती की बर्नीचा एकुलता एक चांगला सूट भिजून गेला. सॅलनं त्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी इटालियन बोलला. ती शिवी होती की आशीर्वाद, ते बर्नीनं विचारलं नाही.

तो कोपऱ्यातल्या फोनपाशी गेला आणि नेब्रास्काचा नंबर लावला. आधी नेटच्या आईनं घेतला, मग पुष्कळ वेळानं नेट आला, धापा टाकत.

"ऐकलंस का रेडिओवर?"

"सातव्या डावापर्यंत ऐकलं," नेट म्हणाला. "मग उठावं लागलं. डुकरीण व्यायला लागली, वडील गावाला गेलेत. जिंकलो का?"

"जिंकलो. किती पिल्लं?"

"अकरा. एक मेलं. रुबेननं टाकला का शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. खांदा ठीक आहे त्याचा, मी सामन्याआधी बघितला."

तेवढ्यात रुबेननं मागून येऊन फोन हिसकावला आणि अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश असं काहीतरी ओरडायला लागला, आणि त्याच्या हातातून मिसेस लॉकवूड यांनी. त्यांच्या टोपीवर बिअर सांडलेली होती. "होलकम," त्या म्हणाल्या, "तू मला एक लूथर बेल देणं लागतोस. नाताळात डुकराची एक चांगली मांडी पाठव म्हणजे फिटलं." पलीकडून काय उत्तर आलं ते बर्नीला ऐकू आलं नाही, पण बाई खूप हसल्या.

तो आयरीनला शोधायला बाहेर पडला. तिला बिअर उडवणं आवडायचं नाही, म्हणून ती गाडीपाशी उभी होती, हातात त्याचा कोरडा कोट घेऊन.

"काय म्हणाला नेट?" तिनं विचारलं.

"अकरा पिल्लं झाली."

"बाई गं," आयरीन म्हणाली, "एवढी," आणि तिनं त्याला कोट घालायला मदत केली.